तरी कुठं जातं

नाना पेठेतली मनपा शाळा, खोली नंबर सहा,
संध्याकाळी सात ते साडेआठ.
बाक सातवीतल्या पोरांच्या मापाचे.
त्यांत गुडघे दुमडून बसतात
बेकरीतला इस्माईल, बस डेपोतले शेडगे,
आणि बावीस वर्षं लक्ष्मी रोडच्या दुकानात
साड्या उलगडून परत घडी घालणाऱ्या
कुंदा भिलारे.

फळ्यावर लिहिलं, बिकॉज.
म्हटलं, हा सोपा, हा आपला कारण.
शेडगे लगेच उठले :
आय ॲम लेट बिकॉज बस इज लेट.
सगळे हसले, कारण बस त्यांच्याच डेपोची.

इस्माईलनं लिहिलं :
बिकॉज भट्टी वॉज हॉट, सो माय हँड बर्न्ड.
मी सो खोडला.
त्यानं मनगटावरचा डाग पुढं केला.
'सो नाही कसं, मॅडम? हे काय मग?'

समजावलं : इंग्रजीला एकीकडं गाठ मारली की पुरते.
कारण सांगून झालं ना,
मग पुन्हा म्हणून म्हणायचं नाही.

(आपलं म्हणून निघालंय म्हणण्यातूनच.
कुणीतरी काही म्हणालं, म्हणून कुणीतरी उठून गेलं.
आमच्या चाळीतली निम्मी भांडणं
या एका शब्दाला टेकून उभी.
हे वर्गात बोलले नाही. परीक्षेला येत नाही.)

पावणेआठला ऑल्दो घेतला.
ऑल्दो म्हणजे जरी.
'कुठली?' कुंदाताई म्हणाल्या, 'सुरतेची की खरी?'
आणि स्वतःच ओशाळून
पदराच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या.

मग वही पुढं आली.
पेन्सिलीनं, दाबून, मागच्या पानावर उमटेल असं :
ऑल्दो माय हजबंड वेन्ट टू नाशिक,
बट आय मेक टू कप टी.

मी लाल पेन उघडलं.
कपला एस लावला.
मेकचं मेड केलं.
'नाही मॅडम,' त्या म्हणाल्या, 'अजून करते.
नऊ वर्षं झाली.'
मेड खोडून मेक परत लिहिलं.
उरला बट.
ऑल्दो आलं की बट येत नाही,
नियम आहे, दोनदा सांगितला होता, तिसऱ्यांदा सांगितला.
बटवर रेघ मारली, सरळ, पट्टीनं मारावी तशी.

कुंदाताई रेघेकडं बघत होत्या.
'जरी आलं की तरी येतंच ना, मॅडम.
एका काठाची साडी कोण घेईल?
मग यांच्यात तरी कुठं जातं?'

मी म्हटलं, स्वल्पविरामात.
हे मला त्याच क्षणी सुचलं,
कुठल्या पुस्तकात नाही, खरं असेलच असंही नाही.
त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली,
तो टिंबाएवढा स्वल्पविराम पाहिला.
'एवढ्याशात?'

इस्माईल मागच्या बाकावर
मनगटावर फुंकर घालत होता, जुन्या डागावर, उगाच.
शेडगे घड्याळ बघत होते,
शेवटच्या बसचा त्यांना भरवसा नव्हता.

दुसऱ्या कपाचं पुढं काय होतं
ते विचारायचं राहून गेलं.
या वर्गाला घंटा नाही,
वॉचमन येऊन दिवे घालवतो, कोपऱ्यातल्यापासून.

गुरुवारी चाचणी घेतली.
प्रश्न तिसरा, ऑल्दो वापरून वाक्य लिहा, एक गुण.
कुंदाताईंनी तेच लिहिलं होतं,
कपला एस, मेक तसाच,
बट नाही.
फक्त स्वल्पविरामाला इतकी लांब शेपटी काढली होती
की ती खालच्या ओळीतून उतरून
चौथ्या प्रश्नाच्या आकड्याला लागली होती.

एकापैकी एक दिला.
चौथा प्रश्न सोडलेलाच होता.